शुद्धीवर कोण होतं?

रोममधलं एक घर, रात्रीचं जेवण. पाहुणे बसले नव्हते, आडवे झाले होते. रोमन माणूस डाव्या कोपरावर रेलून जेवत असे. पाहुण्यांत पॉलस नावाचे एक गृहस्थ होते, प्रीटर म्हणजे वरिष्ठ न्यायाधिकारी म्हणून काम केलेले. त्यांच्या बोटातल्या अंगठीच्या खड्यावर सम्राट टायबेरियसचा चेहरा उठावात कोरलेला होता. रात्र चढत गेली तशी पॉलसनाही चढली. लघवीला लागली तेव्हा त्यांनी भांडं मागवलं आणि हातात धरलं. (ही हकीकत लिहून ठेवणारा सेनेका म्हणतो की, इथे सभ्य शब्द शोधत बसणं हा वेडेपणा आहे. मीही शोधत नाही.) अंगठी बोटातच होती.

पंगतीत मारो नावाचा एक इसम होता. टायबेरियसच्या काळात, म्हणजे इ.स. १४ ते ३७ या वर्षांत, रोममध्ये खबऱ्यांचं पेव फुटलं होतं. राजद्रोहाचा खटला सिद्ध झाला की दोषी माणसाच्या मालमत्तेतला वाटा खबर देणाऱ्याच्या पदरात पडे, त्यामुळे हा चांगला पोटापाण्याचा धंदा होता. मारो त्या धंद्यातला नावाजलेला. सम्राटाची प्रतिमा मुतायच्या भांड्याला लागली! त्याने ताबडतोब आजूबाजूच्या पाहुण्यांना साक्षीला धरलं आणि आरोपपत्राचा मजकूर जुळवायला घेतला. तेवढ्यात पॉलसच्या गुलामाने आपला हात पुढे केला. अंगठी त्याच्या हातात होती. मारोची नजर कुठे खिळली आहे हे त्याने आधीच हेरलं होतं आणि झिंगलेल्या धन्याच्या बोटातून ती हलकेच काढून घेतली होती.

त्या पंगतीत शुद्धीवर असलेली दोन माणसं आपल्याला नक्की ठाऊक आहेत. एक मारो, दुसरा तो गुलाम. खबऱ्याचं नाव सेनेकाने लिहिलं आहे, गुलामाचं लिहिलेलं नाही.

'इन विनो वेरितास', वाइनमध्ये सत्य असतं, ही लॅटिन म्हण आज बाटल्यांच्या लेबलांवर आणि बारच्या भिंतींवर मोठ्या प्रेमाने मिरवते. तिचा सूर दिलखुलास वाटतो. पोटात एक आणि ओठात एक असलेला माणूस चार घोट घेतो आणि पोटातलं ओठावर येतं, झालं. पण ही म्हण जिथून जिथून आली त्या गावांचा माग काढत मागे गेलं की पिणाऱ्यापेक्षा त्याच्या शेजारचा, न पिणारा माणूस जास्त ठळक दिसू लागतो.

पहिला मुक्काम लेस्बॉस बेटावरचं मिटिलिनी शहर. आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्याला अगदी लागून असलेलं हे ग्रीक बेट. काळ इ.स.पू. ६०० च्या आसपासचा. तिथे अल्कायस नावाचा खानदानी कवी होता, आणि त्याच्या कवितेत राजकारण, समुद्र आणि पेला या तीन गोष्टी सारख्या येतात. मर्सिलस नावाचा सत्ताधीश मेला तेव्हा आता प्यायलाच हवं, असं त्याने जाहीर करून टाकलं. त्याच्या कवितांचे तुकडेच उरले आहेत. एका तुकड्यात वाइन आणि सत्य हे दोन शब्द शेजारी शेजारी येतात. म्हणीचा आपल्याला सापडणारा सर्वांत जुना धागा तो हाच. दुसऱ्या एका तुकड्यात वाइन म्हणजे माणसाच्या आत डोकावायचं भोक, अशी कल्पना आहे. डोकावायचं भोक! आत असलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? ते बाहेरच्याच्या सोयीचं.

आणि बाहेर कोण होतं? याच शहरात, याच पिढीत, पिटाकस होता. एके काळी तो आणि अल्कायस एकाच कटात, एकाच शपथेने बांधलेले. पिटाकसने शपथ मोडली आणि बाजू बदलली. अल्कायस हद्दपार झाला, आणि परागंदा मंडळी चाल करून येतील या भीतीने मिटिलिनीच्या लोकांनी पिटाकसच्या हाती शहराची सूत्रं दिली. अल्कायसने त्याला ढेरपोट्यापासून काय वाटेल ते म्हटलं. पिटाकसने कायदे केले, दहा वर्षांनी आपण होऊन सत्ता सोडली, आणि पुढे ग्रीसच्या सात शहाण्यांत त्याची गणना झाली. त्याचा एक कायदा ॲरिस्टॉटलने नोंदवून ठेवला आहे: गुन्हा प्यायलेल्या अवस्थेत केला असेल तर दंड दुप्पट. लेस्बॉसची वाइन साऱ्या भूमध्यसागरात प्रसिद्ध होती, तेव्हा कायदा बेटाच्या वर्मावरच होता. ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं की, प्यायलेल्याला थोडी सूट द्यावी हा विचार पिटाकसने केला नाही, कारण प्यायलेलीच माणसं जास्त मारामाऱ्या करतात.

कवी म्हणतो पेल्यात सत्य आहे, शास्ता म्हणतो पेल्यासाठी दुप्पट दंड आहे. दोघं एकमेकांना पुरते ओळखून होते. मला तर वाटतं, हे दोन्ही एकाच अनुभवातून आलेलं आहे. ज्या गावात शपथा मोडल्या जातात, गट फुटतात, तिथे रात्री कोण काय बोलून गेला याला सकाळी किंमत असते.

अल्कायसच्या त्या तुकड्यात आणखी एक शब्द आहे. वाइन आणि सत्य यांची गोष्ट तो कुणाला तरी उद्देशून सांगतो, आणि ज्याला सांगतो त्याला 'पैस' म्हणतो, म्हणजे पोरा. ग्रीकमध्ये पैस म्हणजे मूल, पैस म्हणजे लाडका तरुण, आणि पैस म्हणजे गुलामही. गुलाम पन्नाशीचा असला तरी पोरच. मराठी माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्या हॉटेलातला पोऱ्या मिशा पिकेपर्यंत पोऱ्याच राहत असे. ग्रीकांत एक म्हण होती की वाइन आणि पोरं खरं बोलतात. मुलं खरं बोलतात हे ठीक, पण त्याच शब्दात पेला भरणारा पोऱ्याही उभा होता.

ही कोटी प्लेटोने बरोबर पकडली. त्याच्या 'सिंपोझियम'मधली मेजवानी इ.स.पू. ४१६ मधली, अथेन्सची. अगाथॉन या तरुण नाटककाराला स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं, त्याच्या घरी मंडळी जमली होती. आदल्या रात्रीची उतरलेली नव्हती म्हणून आज बेताने घ्यायचं, असं ठरलं. बेताने म्हणजे कसं, तर ग्रीक रीतच मुळात पाणी घालून पिण्याची. क्रेटर नावाच्या मोठ्या भांड्यात वाइनमध्ये तिच्याहून जास्त पाणी मिसळायचं आणि पोऱ्यांनी त्यातून पेले भरत राहायचं. नुसती वाइन पिणं हे रानटी सिथियनांचं काम. मग एकेकाने प्रेमदेवतेच्या स्तुतीचं भाषण केलं. सगळं सभ्यपणे चाललं होतं.

तेवढ्यात दारावर धडका बसल्या. अल्किबियाडीस आला. अथेन्सचा सर्वांत देखणा, गडगंज श्रीमंत, सर्वांत बेभरवशाचा पुढारी. बासरीवालीच्या आधाराने उभा, डोक्यावर आयव्हीच्या वेलीचा आणि जांभळ्या फुलांचा गजरा, गजऱ्याच्या फिती तोंडावर लोंबताहेत. आल्या आल्या त्याने पेले नाकारले आणि वाइन थंड करायचं अख्खं भांडं मागवलं. दोनेक लिटरचं ते भांडं त्याने रिकामं केलं, पुन्हा भरून सॉक्रेटिसला दिलं. सॉक्रेटिसनेही ते शांतपणे संपवलं. मग अल्किबियाडीस सॉक्रेटिसबद्दल बोलू लागला. आपण या कुरूप माणसाच्या मागे कसे लागलो, त्याला वश करायला एका रात्री काय काय केलं, आणि तो तसूभरही कसा हलला नाही, ही स्वतःच्या फजितीची गोष्ट. ऐन मोक्यावर तो थांबतो आणि म्हणीची आठवण काढतो. वाइन खरं बोलते, सोबत पोरं असोत वा नसोत, अशा अर्थाचं काहीतरी. आणि लगेच हुकूम सोडतो की गुलामांनी आपापल्या कानांना मोठी दारं लावून घ्यावीत.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. खोलीत कोण आहे, कोण ऐकतंय, हे इतक्या नशेतही त्याला ठाऊक होतं.

प्लेटोने हे लिहिलं तेव्हा त्या रात्रीला तीस-चाळीस वर्षं लोटली होती आणि पुढचं सगळं वाचकांना पाठ होतं. इ.स.पू. ४१५ मध्ये अथेन्सचं आरमार सिसिलीवर निघायच्या बेतात असताना एका रात्री शहरभरातल्या हर्मीस देवाच्या मूर्तींची तोंडं फोडलेली सापडली. शहर हादरलं. चौकशी सुरू झाली, माहिती देणाऱ्याला अभय जाहीर झालं, गुलामांनाही. तेव्हा अँड्रोमाकस नावाचा एक गुलाम लोकसभेपुढे उभा राहिला आणि त्याने सांगितलं की पुलिटियनच्या घरी अल्किबियाडीस आणि त्याच्या साथीदारांनी एल्युसिसच्या गुप्त धर्मविधींची नक्कल केली, आणि ती आपण पाहिली. तिथे आणखी कोणकोण गुलाम होते तेही त्याने सांगितलं. धर्मविधी फोडण्याची शिक्षा मृत्यू. सिसिलीच्या मोहिमेवर निघालेल्या अल्किबियाडीसला परत बोलावलं गेलं, तो वाटेत निसटला आणि थेट शत्रूच्या, स्पार्टाच्या, आश्रयाला गेला. त्याच्या जप्त मालाचा लिलाव झाला. त्या लिलावाच्या याद्या दगडात कोरलेल्या, तुकड्यातुकड्यांनी, अथेन्सच्या उत्खननात सापडल्या आहेत.

कानांची दारं लागली नव्हती.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सोनं घासून पाहायच्या काळ्या दगडाला ग्रीकमध्ये 'बासानोस' म्हणत, आपली सोनाराची कसोटी तीच. थिओग्निस या कवीने सोनं आगीत आणि माणूस वाइनमध्ये पारखला जातो, असं म्हणून ठेवलं होतं. प्लेटोने उतारवयात 'कायदे' हा ग्रंथ लिहिला, त्यात वाइनला स्वस्त आणि बिनधोक बासानोस ठरवलं: ज्याच्याशी व्यवहार करायचा आहे त्याला आधी पाजून बघा, लबाड निघाला तर पैसे बुडण्याआधी कळेल. पण अथेन्सच्या कोर्टात बासानोस या शब्दाचा रोजचा अर्थ वेगळा होता. गुलामाची साक्ष तिथे छळ करून घेतलेली असेल तरच ग्राह्य धरत, आणि त्या छळाला म्हणत बासानोस. स्वतंत्र माणसाचं सत्य पेल्याने काढायचं, गुलामाचं चाबकाने. शब्द एकच. रोमनांनीही गुलामांच्या साक्षीचा हाच नियम ठेवला, आणि त्यांचा कवी होरेस तर उघडच लिहून गेला की राजे लोक ज्याची मैत्री पारखायची त्याला पेल्यांमागून पेले पाजून छळतात.

पेल्याने काढलेल्या सत्याचं पुढे काय होतं, याचा सर्वांत भयंकर नमुना समरकंदचा. तेव्हाचं मराकांडा, इ.स.पू. ३२८. अलेक्झांडरच्या मेजवानीत कुणीतरी मॅसिडोनियन सेनानींच्या पराभवाची थट्टा करणारी गाणी म्हटली. जुन्या सरदारांना ते झोंबलं. त्यांच्यात क्लायटस होता. सहा वर्षांपूर्वी ग्रॅनिकस नदीवर अलेक्झांडरच्या डोक्यावर वार पडणार तोच मारणाऱ्याचा हात तोडणारा हाच. त्याची बहीण अलेक्झांडरची दाई. दोघंही भरपूर प्यायले होते. क्लायटसने सगळं काढलं: तुझं मोठेपण मॅसिडोनियनांच्या रक्तावर उभं आहे, बापाला तू विसरलास, तुझा जीव या हाताने वाचवला. अलेक्झांडरने आधी समोरचं सफरचंद फेकून मारलं, मग तलवारीसाठी हात घातला. तलवार जागेवर नव्हती. एका अंगरक्षकाने ती आधीच बाजूला केली होती. राजाने तुताऱ्याला इशारा वाजवायचा हुकूम दिला. तो वाजवायला तयार होईना, तेव्हा त्याला ठोसा मारला. मित्रांनी क्लायटसला ढकलत बाहेर काढलं. तो दुसऱ्या दाराने पुन्हा आत आला, युरिपिडीसच्या नाटकातल्या ओळी म्हणत. अलेक्झांडरने पहारेकऱ्याच्या हातातला भाला हिसकला आणि त्याच्या अंगातून आरपार केला.

पुढे तुताऱ्याचं कौतुक झालं, असं चरित्रकार प्लुटार्क सांगतो. त्या माणसाने इशारा दिला असता तर अख्खी छावणी हत्यारं घेऊन उठली असती. तेही खोलीतलं एक शुद्धीवरचं माणूस, तेही बिननावाचं.

रोमनांचा प्रश्न मात्र उलटा होता. सत्य काढायचं कसं यापेक्षा गुपित ठेवायचं कुणापाशी, याची चिंता त्यांना जास्त. स्टोइक पंथाचा संस्थापक झीनो याने एक तर्क मांडला होता: दारुड्याला कुणी गुपित सांगत नाही, सज्जनाला सांगतात, म्हणून सज्जन दारुडा होणार नाही. सेनेका स्वतः स्टोइक, पण आपल्या एका पत्रात त्याने या तर्काच्या चिंध्या केल्या. दाखले रोमचेच. सीझरच्या खुनाचा कट कॅशियसला सांगितला होता, जो आयुष्यभर पाणीच प्यायला. आणि तोच कट टिलियस किंबरलाही सांगितला होता, जो अट्टल पिणारा आणि वर तोंडाळ. इ.स.पू. ४४ च्या त्या मार्च महिन्यात सीझरचा झगा धरून ओढणारा, म्हणजे इतरांना इशारा देणारा, हाच किंबर. तो फुटला नाही. लुशियस पिसो शहराचा मुख्य अधिकारी होता. एकदा प्यायला लागला तो प्यायलेलाच राहिला, रात्र मेजवान्यांत, झोप दुपारपर्यंत. तरी ऑगस्टस आणि टायबेरियस या दोघांनीही आपली गुप्त कामं त्याच्याकडे सोपवली. कॉसस नावाचा आणखी एक अधिकारी सिनेटमध्ये असा गाढ झोपला की त्याला उचलून न्यावं लागलं. टायबेरियस त्याला अशी पत्रं स्वहस्ते लिहायचा जी आपल्या कारकुनांनाही दाखवत नसे. संशयी टायबेरियस! तळीरामांची ही निवड त्याने काय हिशेबाने केली असेल, याचं कुतूहल मला फार आहे. सेनेकाच्या मुद्द्याला मात्र उत्तर नाही: वाइन पोटात जाते तेव्हा गुपित बाहेर येतंच असं नाही, आणि बाहेर आलं ते सत्यच असेल असंही नाही.

म्हण लॅटिनमध्ये पहिल्यांदा नीट भेटते ती रोमन लेखक थोरल्या प्लिनीकडे, इ.स. ७७ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या 'निसर्गेतिहासा'च्या चौदाव्या भागात. हा सगळा भाग द्राक्षवेल आणि वाइन यांच्यावर आहे. कोणती वेल कुठे लावावी, फालेर्नियन वाइन कशी एकटीच ज्योतीने पेट घेते, एका बहाद्दराने टायबेरियससमोर एका दमात दहा लिटरांच्या आसपास वाइन कशी रिचवली, वगैरे. (वाइनचा व्यापार आपल्या दारापर्यंत येत होता. त्याच शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासमार्गदर्शकात भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात वाइन आहे, इटलीची जास्त पसंतीची. आणि भडोचला माल पाठवणाऱ्या पेठांत पैठण आणि तेर ही नावं आहेत. भारत दर वर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, ही तक्रार प्लिनीचीच.) भागाच्या शेवटी प्लिनी दारूबाजीवर तुटून पडतो. प्यायलेली माणसं मनातली गुपितं ओकतात, कुणी आपलं मृत्युपत्र सांगून टाकतो, कुणी जिवावर बेतणारं बोलतो, आणि असे बोललेले शब्द गळा कापून परत येतात. असे किती जण मेले. याच वाक्याच्या शेपटाला तो जोडतो की, सत्य वाइनमध्ये असतं असं लोक म्हणतातच. म्हणजे लॅटिनमध्ये ही म्हण मेलेल्या माणसांच्या यादीनंतर लगेच येते. लेबलांवर ती यादी छापत नाहीत.

प्लिनीच्या वाक्यात 'इन विनो वेरितास' हे तीन शब्द असे सुटसुटीत ओळीने नाहीत. तसा सुटसुटीतपणा ग्रीक म्हणसंग्रहांत होता, आणि तो लॅटिनमध्ये युरोपभर पोचवला डेसिडेरियस इरॅस्मसने. रॉटरडॅमच्या या विद्वानाने १५०० मध्ये पॅरिसला आठशेच्या आसपास म्हणींचं एक पुस्तक काढलं होतं. ते वाढवायला तो १५०८ मध्ये व्हेनिसला आल्डस मानुशियसच्या छापखान्यात आला. ग्रीक हस्तलिखितं लोकांनी त्याला उसनी दिली, तो एका बाजूला लिहीत होता आणि दुसऱ्या बाजूला खिळे जुळत होते, नऊएक महिने हा धबडगा चालला. पुस्तक निघालं तेव्हा म्हणी ३२६० झाल्या होत्या. इरॅस्मस १५३६ मध्ये वारला तोवर ४१५१. शंभर-शंभरांच्या गटांत लावलेल्या. ज्या शेकड्यात 'इन विनो वेरितास' सतरावी आहे, त्याच शेकड्याची सुरुवात एका जुन्या ग्रीक म्हणीने होते: लक्षात ठेवणारा पिण्यातला सोबती मला नकोसा. मार्शल या रोमन कवीने हीच म्हण एकाच्या तोंडावर मारली होती. रात्री झिंगून त्याने कुणा प्रोसिलसला जेवायला बोलावलं आणि प्रोसिलस खरंच ते धरून बसला!

व्हेनिसमध्ये इरॅस्मस उतरला होता आल्डसचा सासरा आंद्रेआ तोरेसानी याच्या घरी. घर मोठं, माणसं पुष्कळ, ताटात मात्र फार काही पडत नसे. पुढे १५३१ च्या सुमारास स्कालिगर नावाच्या एका पंडिताने इरॅस्मसवर आग पाखडली की, व्हेनिसला असताना हा काम अर्ध्या माणसाचं करायचा आणि प्यायचा मात्र तीन धडांच्या राक्षसाएवढं. त्याच वर्षी इरॅस्मसने एक संवाद छापला, नाव 'गबर कंजुषी' अशा अर्थाचं. त्यातल्या यजमानाला त्याने वेगळं नाव दिलं आहे, पण घर ओळखू येतं. हा धनिक जुन्या गाळावर पाणी ओतून वाइन काढतो, आणि ती आंबट पिऊन पाहुण्यांना मुतखडे होतात. तोरेसानी तोवर वारला होता. मधे तेवीस वर्षं गेली होती, आणि इरॅस्मसला अजून चव आठवत होती. असल्या वाइनने चढणार तरी कुणाला?